चिमन सिंग (नौसैनिक)

लीडिंग सीमन चिमन सिंग हे भारतीय नौदलातील नौसैनिक असून १९७१ च्या भारत–पाकिस्तान युद्धातील कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र हा देशातील दुसऱ्या क्रमांकाचा युद्धकालीन शौर्यसन्मान मिळाला. १० डिसेंबर १९७१ रोजी तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील खुलना शहराजवळ त्यांची 'पद्मा' ही तोफनौका हवाई हल्ल्यात बुडाली. स्वतः जखमी असतानाही त्यांनी नदीत बुडू लागलेल्या एका जखमी अधिकाऱ्याला किनाऱ्यापर्यंत नेले. किनाऱ्यावर शत्रूचा गोळीबार स्वतःकडे ओढून घेऊन त्यांनी दोन सहकाऱ्यांना निसटण्याची संधी दिली आणि ते स्वतः पकडले गेले. या युद्धात महावीर चक्र मिळालेल्या नौदलातील आठ जणांपैकी सात अधिकारी होते. अधिकारी दर्जाखालील एकमेव नाव चिमन सिंग यांचे आहे.

'पद्मा' आणि तिच्यासोबतची 'पलाश' या दोन्ही नौका भारतीय हवाई दलाच्या विमानांनी चुकून बुडवल्या होत्या. त्यामुळे युद्धातील शौर्यपदकांच्या इतिहासात हे प्रकरण वेगळे ठरते. या एकाच घटनेतून भारतात तीन महावीर चक्रे आणि बांगलादेशात 'बीर श्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान दिला गेला. मोहिमेचे नेतृत्व कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्याकडे होते आणि तिच्यातील प्रमुख नौकेचे नाव 'आयएनएस पनवेल' असे होते.

पार्श्वभूमी

२५ मार्च १९७१ रोजी पाकिस्तानी लष्कराने पूर्व पाकिस्तानात दडपशाहीची कारवाई सुरू केली. त्यानंतर तेथील बंगाली सैनिक, पोलीस, विद्यार्थी आणि शेतकरी यांच्यातून मुक्तिवाहिनी उभी राहिली. पूर्व बंगालचा प्रदेश नद्या आणि खाड्यांनी व्यापलेला आहे. रस्ते व रेल्वे यांच्यापेक्षा तेथील वाहतूक नदीमार्गांवर अधिक अवलंबून होती. पाकिस्तानी सैन्याची रसद, दारूगोळा आणि इंधन चितगाव व मोंगला या बंदरांतून आत येत असे. हे जलमार्ग तोडण्यासाठी मुक्तिवाहिनीला स्वतंत्र नौदल शाखेची गरज भासली.

या शाखेचा प्रारंभ फ्रान्समधून झाला. पाकिस्तानी नौदलाची 'मांग्रो' ही पाणबुडी तूलाँ बंदरात असताना तिच्यावरील काही बंगाली खलाशांनी पाणबुडी सोडली. त्यांपैकी आठ जण युरोपातून भारतात पोहोचले. पश्चिम बंगालमध्ये भागीरथी नदीच्या काठी, प्लासीच्या जुन्या रणभूमीजवळ भारतीय नौदलाने एक गुप्त प्रशिक्षण तळ उभारला आणि तेथे बंगाली तरुणांना जलकमांडो म्हणून तयार केले. तासन्‌तास पोहणे, वेताच्या काठीसारख्या साध्या साधनाच्या आधारे पाण्याखालून श्वास घेणे आणि जहाजाच्या तळाला चुंबकाने चिकटणारे सुरुंग लावणे हे या प्रशिक्षणाचे मुख्य भाग होते.

ऑगस्ट १९७१ च्या मध्यास या कमांडोंनी चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथील जहाजांवर जवळपास एकाच वेळी हल्ले केले. ही कारवाई 'ऑपरेशन जॅकपॉट' या नावाने ओळखली जाते. हल्ल्याचा दिवस ठरल्याची खूण आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठराविक गाणी वाजवून दिली गेली होती. भारतीय नौदलातील या गुप्त मोहिमेला 'नेव्हल कमांडो ऑपरेशन्स (एक्स)' असे नाव होते आणि तिच्या संचालनात कमांडर सामंत यांचा महत्त्वाचा वाटा होता.

पद्मा आणि पलाश

पोहत जाऊन सुरुंग लावणाऱ्या कमांडोंना सशस्त्र नौकांची जोड देणे हा पुढचा टप्पा होता. कोलकाता बंदर न्यासाच्या दोन लहान नौका घेऊन त्यांच्यावर ४० मिलिमीटर बोफोर्स तोफा बसवण्यात आल्या आणि त्यांना 'पद्मा' व 'पलाश' अशी नावे देण्यात आली. बांगलादेशाच्या नौदलाचा इतिहास याच दोन नौकांपासून सुरू होतो. त्यांचे बहुतेक खलाशी पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली होते, तर नेतृत्व आणि काही महत्त्वाची तांत्रिक कामे भारतीय नौदलातील माणसांकडे होती. 'पद्मा'ची सूत्रे लेफ्टनंट कमांडर जे. के. रॉय चौधरी यांच्याकडे आणि 'पलाश'ची लेफ्टनंट एस. के. मित्तर यांच्याकडे होती. चिमन सिंग 'पद्मा'वर होते.

या मूळच्या युद्धनौका नव्हत्या. बंदरातील कामासाठी बांधलेल्या नौकांना चिलखती पत्रा नसतो, पाणबंद कप्पे मोजके असतात आणि विमानविरोधी संरक्षणही मर्यादित असते. किनाऱ्यावरून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यालाही अशा नौका सहज बळी पडू शकतात. नोव्हेंबर १९७१ मध्ये मोंगलाकडे जाणाऱ्या पसूर नदीच्या मुखाशी सुरुंग पेरण्याच्या कामात या दोन्ही नौकांचा वापर झाला.

फोर्स अल्फा

३ डिसेंबर १९७१ रोजी युद्धाला उघड तोंड फुटल्यानंतर मोंगला व खुलना या बंदरांवर नदीमार्गे हल्ला करण्यासाठी चार नौकांचे एक पथक बांधण्यात आले. त्याला 'फोर्स अल्फा' असे नाव मिळाले. पथकात 'पद्मा', 'पलाश', भारतीय नौदलाची गस्तीनौका 'आयएनएस पनवेल' आणि सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा' यांचा समावेश होता. 'पनवेल' ही सोव्हिएत बनावटीची लहान गस्तीनौका होती. पांबन, पणजी, पुलिकत आणि पुरी या तिच्या वर्गातील इतर नौकांप्रमाणे तिलाही किनाऱ्यालगतच्या गावाचे नाव दिलेले होते. तिचे कमांडर लेफ्टनंट कमांडर जोसेफ पायस आल्फ्रेड नोरोन्हा होते. पथकाचे प्रमुख कमांडर सामंत 'पनवेल'वरूनच मोहीम चालवत होते.

पथकाचा मार्ग सुंदरबनातून जाणारा होता. भरती-ओहोटीने बदलणारी पाण्याची खोली, सरकते वाळूचे पट्टे आणि दोन्ही काठांवरील दाट खारफुटी यांमुळे तेथे नौका चालवणे अवघड असते. प्रचलित नौकानयन नकाशे अशा पाण्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. या भागातील नद्यांची माहिती असलेले बंगाली खलाशी सोबत असल्यामुळेच हा प्रवास शक्य झाला. अनपेक्षित दिशेने आल्यामुळे पथकाला शत्रूला गाफील गाठता आले.

मोंगला ते खुलना

१० डिसेंबरच्या सकाळी पथक मोंगला बंदरात शिरले आणि तेथील प्रतिकार लवकरच मोडला. 'चित्रांगदा' मोंगला येथे ठेवून उरलेल्या तीन नौका उत्तरेकडे, खुलन्याच्या दिशेने निघाल्या. रूपसा नदीकाठचे खुलना हे औद्योगिक शहर असून तेथे गोदी, ज्यूटचे कारखाने आणि पाकिस्तानी सैन्याचा मोठा तळ होता. मोंगल्याच्या तुलनेत येथील शत्रू अधिक तयारीत होता.

दुपारच्या सुमारास तिन्ही नौका खुलना गोदीजवळ पोहोचल्या असताना आकाशात तीन नॅट विमाने दिसली. नॅट हे भारतीय हवाई दलाचे लहान लढाऊ विमान होते. पूर्व आघाडीवर तोपर्यंत भारतीय हवाई दलाने आकाशावर जवळजवळ पूर्ण वर्चस्व मिळवले होते. त्यामुळे ही विमाने आपलीच आहेत हे नौकांवरील लोकांना उमगले होते. आपल्या विमानांनी नौका ओळखाव्यात यासाठी त्यांच्या वरच्या भागाला पिवळा रंग देण्यात आला होता आणि पिवळे कापडही पसरलेले होते. परंतु ही खूण विमानांतून ओळखली गेली नाही. विमाने एकदा वरून गेली, वळली आणि त्यांनी नौकांवर हल्ला चढवला.

विमानांवर गोळीबार न करण्याचा आदेश असल्याने नौकांवरील तोफा शांत राहिल्या. पहिला फटका 'पद्मा'ला बसला. तिच्या इंजिनाच्या भागात स्फोट होऊन आग लागली आणि ती निकामी झाली. त्यानंतर 'पलाश'वर मारा झाला. 'पनवेल'ने वेगाने दिशा बदलत काठाचा आधार घेतला. आपली नौका आधीच निकामी झाली आहे असा भास व्हावा म्हणून तिने धूर सोडला आणि ती वाचली. थोड्याच वेळात 'पद्मा' आणि 'पलाश' या दोन्ही नौका रूपसा नदीत बुडाल्या.

नदीतील प्रसंग

नौका बुडताच त्यांवरील माणसे पाण्यात फेकली गेली. अनेकांना विमानांच्या माऱ्यात जखमा झाल्या होत्या, काही भाजले होते. त्याच वेळी काठावरील पाकिस्तानी सैनिक आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या रझाकारांनी पाण्यातील लोकांवर गोळीबार सुरू केला. पोहून काठाला लागावे तर शत्रूच्या हाती सापडण्याची भीती आणि पाण्यातच थांबावे तर बुडण्याची, अशा दुहेरी संकटात हे लोक सापडले.

चिमन सिंग यांना विमानांच्या माऱ्यात उडालेल्या धातूच्या तुकड्यांमुळे गंभीर जखमा झाल्या होत्या. एक जखमी अधिकारी पाण्यावर तरंगत राहण्याची धडपड करत असल्याचे त्यांनी पाहिले. पाण्यात विखुरलेल्या इतर वाचलेल्यांना त्यांनी एकत्र आणले, त्या अधिकाऱ्यापर्यंत पोहत गेले आणि गोळीबाराची पर्वा न करता त्याला घेऊन काठाकडे निघाले. काठावर पोहोचल्यावर शत्रू समोरच होता. अंगावर जखमा असताना चिमन सिंग शत्रूच्या दिशेने धावत सुटले. गोळ्यांचा रोख त्यांच्याकडे वळला आणि तेवढ्या अवधीत त्यांच्या दोन सहकाऱ्यांना निसटता आले. अखेर शत्रूने त्यांच्यावर मात करून त्यांना कैद केले.

याच सुमारास 'पनवेल' नदीत परत फिरली. हल्ल्यातून वाचलेली ही एकमेव नौका होती आणि तिने लगेच माघार घेणे लष्करी दृष्टीने समर्थनीय ठरले असते. तसे न करता सामंत आणि नोरोन्हा यांनी काठावरून होणाऱ्या गोळीबारात नौका पाण्यातील लोकांजवळ नेली आणि जितक्या जणांना गाठता आले त्यांना वर घेतले. सर्वांपर्यंत पोहोचणे शक्य झाले नाही. काही जण बुडाले, काही काठावर मारले गेले आणि काही युद्धकैदी झाले.

रुहुल अमीन

'पलाश'वरील इंजिनरूम आर्टिफिसर मोहम्मद रुहुल अमीन यांची कहाणी चिमन सिंग यांच्या कहाणीला समांतर जाते, मात्र तिचा शेवट वेगळा झाला. नोआखाली जिल्ह्यातील रुहुल अमीन पूर्वी पाकिस्तानी नौदलात होते. मुक्तियुद्धात सामील झाल्यावर 'पलाश'चे इंजिन सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हल्ला झाला तेव्हा नौका सोडण्याऐवजी ती चालू ठेवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. इंजिनरूमवर मारा झाल्यानंतर जखमी अवस्थेत ते पाण्यात उतरले आणि काठाला पोहोचले, परंतु तेथे रझाकारांनी त्यांना ठार मारले. रूपसा नदीच्या काठी त्यांची कबर आहे.

बांगलादेश सरकारने १९७३ साली जाहीर केलेल्या सात 'बीर श्रेष्ठ' सन्मानितांमध्ये रुहुल अमीन यांचा समावेश आहे. सातही जणांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला. रुहुल अमीन हे त्यांतील नौदलाचे एकमेव प्रतिनिधी आहेत.

सुटका

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाका येथे पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. खुलन्यातील सैन्याने दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर चिमन सिंग यांची सुटका झाली आणि उपचारांसाठी त्यांना रुग्णालयात दाखल करण्यात आले. जखमी अवस्थेतील त्यांची कैद सुमारे एक आठवड्याची होती. ते मूळचे हरियाणातील रेवाडीजवळच्या गोकलगढ गावचे आहेत.

महावीर चक्र

महावीर चक्र हा सन्मान २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला आणि तो १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कृत्यांना लागू करण्यात आला. जमिनीवर, पाण्यात किंवा हवेत शत्रूसमोर दाखवलेल्या असामान्य शौर्यासाठी तो दिला जातो. युद्धकालीन सन्मानांच्या क्रमवारीत परमवीर चक्राखाली आणि वीर चक्राच्या वर त्याचे स्थान आहे. दर्जा किंवा हुद्दा यांचा निवडीशी संबंध नसतो आणि हा सन्मान मरणोत्तरही देता येतो.

पदक चांदीचे व वर्तुळाकार असून त्याचा व्यास सुमारे ३५ मिलिमीटर असतो. दर्शनी बाजूस पाच टोकांचा तारा असून त्याची टोके कडेला टेकतात. मध्यभागी सोन्याचा मुलामा दिलेले राजचिन्ह असते. मागील बाजूस हिंदी व इंग्रजीत पदकाचे नाव आणि दोन कमळे कोरलेली असतात. पदकाची फीत अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी असते. १९७१ च्या युद्धासाठी चार परमवीर चक्रे आणि ७६ महावीर चक्रे देण्यात आली. नौदलाच्या वाट्याला आलेल्या आठ महावीर चक्रांपैकी तीन फोर्स अल्फाच्या मोहिमेशी जोडलेली आहेत.

लीडिंग सीमन हा दर्जा भूदलातील नाईक या दर्जाच्या बरोबरीचा आहे. नौदलात शौर्याची नोंद बहुतेक वेळा नौकेच्या किंवा पथकाच्या प्रमुखाच्या नावावर होते. नौका ही एकसंध लढणारी वस्तू असल्याने तिच्या यशाचे श्रेय आदेश देणाऱ्याकडे जाते. खंदकातील सैनिकाप्रमाणे एकट्या नौसैनिकाचे कृत्य वेगळे दिसून येण्याचे प्रसंग दुर्मीळ असतात. नौका बुडाल्यानंतर मात्र पाण्यातील प्रत्येक जण एकटा असतो. चिमन सिंग यांच्या मानपत्रात वर्णिलेले कृत्य नेमके अशा वेळचे आहे.

मोहिमेशी संबंधित इतर सन्मान

फोर्स अल्फाच्या कामगिरीसाठी पुढील सन्मान देण्यात आले.

कमांडर मोहन नारायण राव सामंत – महावीर चक्र. अपरिचित व धोकादायक मार्गाने पथक नेऊन मोंगला येथे शत्रूला गाफील गाठणे, तसेच दोन नौका बुडाल्यानंतर वाचलेल्यांना सुरक्षित स्थळी हलवणे.

लेफ्टनंट कमांडर जे. पी. ए. नोरोन्हा – महावीर चक्र. 'पनवेल'चे नेतृत्व, शत्रूच्या ठाण्यांवरील हल्ले आणि गोळीबारात केलेले बचावकार्य.

लीडिंग सीमन चिमन सिंग – महावीर चक्र. नौका बुडाल्यानंतर जखमी अवस्थेत सहकाऱ्यांचा केलेला बचाव.

लेफ्टनंट कमांडर जे. के. रॉय चौधरी आणि लेफ्टनंट एस. के. मित्तर – वीर चक्र. अनुक्रमे 'पद्मा' व 'पलाश' यांचे नेतृत्व.

मोहम्मद रुहुल अमीन – बीर श्रेष्ठ (बांगलादेश, मरणोत्तर).

शौर्यपदके व युद्धपदके

युद्धाशी संबंधित पदकांचे ढोबळमानाने दोन प्रकार होतात. शौर्यपदक एखाद्या व्यक्तीच्या विशिष्ट कृत्यासाठी मिळते. त्यासाठी शिफारस, साक्षी आणि मानपत्र आवश्यक असते. युद्धपदक किंवा मोहीमपदक ठरलेल्या काळात ठरलेल्या क्षेत्रात सेवा केलेल्या सर्वांना मिळते. त्यासाठी वेगळ्या पराक्रमाची अट नसते.

१९७१ च्या युद्धासाठी पूर्व आघाडीवरील सेवेकरिता 'पूर्वी स्टार' आणि पश्चिम आघाडीवरील सेवेकरिता 'पश्चिमी स्टार' ही पदके स्थापन झाली. युद्धकाळात सेवेत असलेल्या व्यापक वर्गासाठी 'संग्राम मेडल' देण्यात आले. शत्रूशी प्रत्यक्ष लढताना झालेल्या जखमांसाठी १९७३ साली 'पराक्रम पदक' सुरू झाले आणि तेही १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आले. एखाद्या सैनिकाच्या छातीवरील फितींची ओळ वाचताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो. मोहीमपदकावरून तो सैनिक कोणत्या आघाडीवर होता हे कळते, तर शौर्यपदकामागची हकीकत मानपत्र वाचल्यावरच कळते.

शौर्यपदकाची ही पद्धत साक्षीदारांवर अवलंबून असते. बुडालेल्या नौकेच्या बाबतीत तिच्या नोंदवह्या नदी-समुद्राच्या तळाशी जातात आणि अनेक साक्षीदार जिवंत राहत नाहीत. जे वाचतात त्यांच्या सांगण्यावरच इतरांच्या शौर्याची नोंद टिकते.

आयएनएस खुकरीशी तुलना

'पद्मा' बुडण्याच्या आदल्या रात्री, ९ डिसेंबर १९७१ रोजी, अरबी समुद्रात दीवजवळ 'आयएनएस खुकरी' ही फ्रिगेट 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. तिच्यावरील १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले, तर ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी अखेरपर्यंत बचावकार्याचे संचालन केले, आपले जीवरक्षक साधन एका नौसैनिकाला दिले आणि नौकेसोबत जलसमाधी घेतली. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

एका दिवसाच्या आत देशाच्या दोन टोकांना घडलेल्या या घटनांमधून एकाच दर्जाचे पदक एका कॅप्टनला आणि एका लीडिंग सीमनला मिळाले. दोन्ही मानपत्रांमध्ये शत्रूची जहाजे बुडवल्याचा उल्लेख नाही. आपली नौका गेल्यानंतर इतरांना वाचवण्यासाठी केलेला प्रयत्न हेच दोन्ही ठिकाणी पदकाचे कारण आहे. लोकस्मृतीत मात्र खुकरीला मोठे स्थान मिळाले. दीव येथे तिचे स्मारक असून तिच्या नावाची दुसरी युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधण्यात आली. ती १९८९ ते २०२१ या काळात सेवेत होती. 'पद्मा' व 'पलाश' यांचे स्मरण प्रामुख्याने बांगलादेशात केले जाते. तेथील नौदलाने पुढे 'पद्मा' हे नाव पुन्हा वापरले.

इतिहासलेखन

फोर्स अल्फाची कहाणी भारतात बराच काळ तपशीलवार सांगितली गेली नाही. याला दोन कारणे संभवतात. पहिले म्हणजे जलकमांडोंची संपूर्ण मोहीम गुप्त होती. युद्ध जाहीर होण्याआधी भारतीय नौदलाने मुक्तिवाहिनीला दिलेल्या साहाय्याची वाच्यता करणे राजनैतिकदृष्ट्या अडचणीचे होते. दुसरे म्हणजे नौका आपल्याच विमानांनी बुडवल्या होत्या. चिमन सिंग यांच्या मानपत्राचा भर हवाई हल्ल्यानंतर पाण्यात व काठावर घडलेल्या प्रसंगावर आहे.

पुढे नौदलाच्या इतिहासग्रंथांमध्ये आणि बांगलादेशी आठवणींमध्ये या चुकीचा स्पष्ट उल्लेख आला. व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांच्या 'ट्रान्झिशन टू ट्रायम्फ' या नौदलाच्या इतिहासात या मोहिमेचे वर्णन आहे. कॅप्टन सामंत आणि पत्रकार संदीप उन्नीथन यांनी लिहिलेले 'ऑपरेशन एक्स' हे पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्लासीच्या तळापासून खुलन्यापर्यंतचा संपूर्ण घटनाक्रम मांडला आहे.

आपल्याच बाजूच्या माऱ्यात होणारी हानी हा आधुनिक युद्धांमधील नेहमीचा धोका आहे. वेगाने व कमी उंचीवरून जाणाऱ्या विमानाच्या वैमानिकाला लक्ष्य ओळखण्यासाठी काही क्षणच मिळतात. नदीतील लहान नौकांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण शत्रूनेही तशाच नागरी नौका ताब्यात घेऊन वापरलेल्या असतात. खुलन्याच्या प्रसंगात ओळखीची खूण ठरलेली होती, पण प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी ती अपुरी ठरली.

महाराष्ट्राशी संबंध

या मोहिमेचा महाराष्ट्राशी संबंध प्रामुख्याने कॅप्टन सामंत यांच्यामुळे येतो. ते मूळचे पाणबुडी शाखेतील अधिकारी होते. ४ सप्टेंबर १९६९ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील रिगा येथे 'आयएनएस करंज' ही पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा ते तिचे पहिले कमांडर होते. युद्धानंतर नव्या बांगलादेश नौदलाच्या उभारणीच्या प्रारंभकाळात त्यांनी तेथे जबाबदारी सांभाळली. भारतीय नौदलाच्या नोंदींनुसार ते त्या नौदलाचे पहिले प्रमुख होते. मार्च २०१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

माझगाव गोदीत बांधलेली नवी 'आयएनएस करंज' १० मार्च २०२१ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. त्या वेळी जुन्या करंजचे पहिले कमांडर म्हणून सामंत यांचे स्मरण करण्यात आले. रायगड जिल्ह्यातील पनवेल शहराचे नाव धारण करणारी आणि 'पद्मा' व 'पलाश'च्या खलाशांना पाण्यातून वर घेणारी 'आयएनएस पनवेल' मात्र तिच्या नावाच्या गावाबाहेर, किंबहुना त्या गावातही, फारशी परिचित नाही.

हे सुद्धा पहा

महावीर चक्र
आयएनएस खुकरी
ऑपरेशन जॅकपॉट
बांगलादेश मुक्तिसंग्राम
भारत–पाकिस्तान युद्ध, १९७१